केवलरामकाकांची चौदा पावलं

भिलाईच्या प्लान्टमध्ये तेहतीस वर्षं काढलेले केवलरामकाका रिटायर झाले, पण कुरुदच्या घरात त्यांना दहा मिनिटं बसवत नाही. सकाळपासून ते आमच्या फुटबॉल क्लबच्या छोट्या स्टेडियममध्ये फिरत असतात. दगड वेचतात, जाळी बांधतात, चुन्याच्या रेषा मारतात. पेनल्टीचा ठिपकाही तेच मारतात, गोलपासून चौदा पावलं मोजून. टेप पुढे केला की चिडतात. "माह्या पायावर भरोसा नाही का?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पावलं चौदाच राहिली, पण आखूड झाली.

या रविवारी बाहेरून आलेल्या रेफ्रीनं टेप लावला. ठिपका हवा त्यापेक्षा मीटरभर गोलच्या जवळ निघाला. काकांनी पुन्हा पावलं मोजली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मोजून ते माझ्यासमोर थांबले. मी क्लबचा गोलकीपर.

"तू तं इथंच उभा राहतं, शुभंकर. तुले समजलं नाही?"

दोन वर्षं मी तोंड दाबून जवळून पेनल्टी खाल्ल्या होत्या, वर सगळ्यांच्या शिव्याही.

"नाही काका," मी म्हणालो.

"मंग इतके गोल कावून खाल्ले बे?"