हंगामात बंद केलेला काटा

नववीत शाळा सोडलेला मी रत्नागिरीकडचा. पोटासाठी फिरत फिरत मूर्तिजापूरजवळच्या एका वजनकाट्यावर येऊन टेकलो. काट्याच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांनी खोली दिली, पानात भाकर वाढली. त्यांचं काही अडलं की मी हातातलं टाकून धावतो.

दसऱ्याच्या आधी काट्यावरचा कॉम्प्युटर जळाला. काकूंच्या भाच्याने अमरावतीहून आपला जुना पाठवला, पण त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स ही दुसरीच प्रणाली होती. आमचा पावतीचा प्रोग्राम विंडोजसाठी बनवलेला. बनवणारा केव्हाच धंदा सोडून गेला. हाती राहिली ती नुसती तयार फाइल, तिच्या आत हात घालता येत नाही.

काकू म्हणाल्या, "कापूस यायच्या आत जमव. नाई तर अकोल्याचा मानूस ठेवा लागन, त्याच्याच कॉम्प्युटरसकट."

म्हणजे माझी जागा गेलीच.

व्हिडिओ थांबवत थांबवत मी 'वाइन' बसवलं. विंडोजचा प्रोग्राम जे जे मागेल ते मध्ये बसून लिनक्सकडून मिळवून देणारी ही सोय. नाव ऐकून काकू म्हणाल्या, "काट्यावर दारू नाई चालनार बरं!"

काकूंनी दसऱ्याला पूजा करून मशीन सुरू केलं. प्रोग्राम उघडला, ओळखीची खिडकी दिसली. वजन मात्र शून्य. काट्याची तार कॉम्प्युटरला ज्या जागी लावतो, त्या जागेचं नाव लिनक्समध्ये वेगळं. तेही जुळवून दिलं. तरी शून्यच. मग कळलं, तिथून वाचायला परवानगी लागते. तीही दिली. शून्य!

कापसाचा पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. ड्रायव्हर ओरडला, "काय गा कोकनी भाऊ, माहा कापूस हवेचा हाये का?"

काकूंनी फोन काढला. अकोल्याचा माणूस निघतो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परवानगी दिली, पण ती लागू व्हायला कॉम्प्युटर एकदा बंद करून परत चालू करावा लागतो. आणि आमच्या काट्यावर दसऱ्यानंतर हंगामभर मशीन बंद करायचंच नाही, असा रिवाज.

"काकू, एकदा बंद करू द्या."

"हंगामात? माह्या सासऱ्यानं कधी काटा बंद केला नाई."

"त्यांचं मशीन वेगळं होतं, काकू. हे याच्या पद्धतीनं चालणार."

एवढ्या ठामपणे मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी देवाच्या फोटोकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. स्क्रीन काळी झाली, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा ट्रॅक्टरवरून उतरून बघायला आत आला.

परत चालू केलं, प्रोग्राम उघडला. आकडे धावले आणि थांबले. ड्रायव्हरने खिशातून याच कापसाची दुसऱ्या काट्यावरची पावती काढून ताडून पाहिली. "बराबर हाये," म्हणाला.

काकूंनी पुन्हा फोन लावला.

"येऊ नको बावा. आपला मानूस हाये इथं."