बाहेर म्हंजी कुठं

“कातडीचा तुकडा काढायचा म्हंजी केवढा?” सुभेदारीणबाईंनी इचारलं. माझं मनगट त्यांनी असं धरलेलं की बांगड्या रुतल्या.

“तांदळाच्या दाण्याएवढा. सांगलीला पाठवून तपासायचा,” मॅडम म्हनल्या. “इतके दिवस मलम लावून फरक नाही, म्हणजे कॅन्सर नाही ना, हे बघावं लागतं.”

बाई पांढऱ्याफट.

पाटणला ह्या मॅडमच्या कातडीच्या दवाखान्यात मी आया. माझं मालक वारलं तवापस्नं हितंच झाडती, पुसती, पडदा धरती. ह्या बाईंचं दुखणं खालचं, बाईमानसाच्या जागंचं. कातडी कागदावानी पांढरी, लय खाज, मुताय बसलं की आग. जागा आक्रसत चाललेली. घरात कुनाला बोलल्या न्हाईत. वरसानुवरसं नुसतं खोबरेल.

पैल्या येळंला मॅडमनी समजावलेलं, “अंगात रोगाशी लढणारी फौज असते, इम्युनिटी. तुमची फौज तुमच्याच कातडीवर गोळ्या झाडतेय. हे कुणाकडून लागलेलं नाही. स्टिरॉइडचं मलम तिला गप्प करतं.”

“आमच्या ह्यांच्या पलटनीत कोर्ट मार्शल केलं असतं,” बाई म्हनलेल्या.

आता मॅडम सांगलीची चिठ्ठी लिहाय लागल्या. बाईंनी पिशवीतनं ट्यूब काढून टेबलावर ठेवली. “ही मंग परत घ्या. कोरीच हाय.”

मॅडमचं पेन थांबलं. “लावलीच नाही? मगाशी विचारलं तर मान डोलावलीत!”

“डॉक्टरम्होरं न्हाई कसं म्हनायचं? आन लावू कवा? तुमीच म्हनला, फक्त बाहेर लावायचं, आत न्हाई. माझी पाळी जाऊन धा वरसं झाली. तरी वाट बघितली. म्हटलं, येती का काय परत.”

आमच्याकडं कावळा शिवला की बाई ‘बाहेर’ बसती. मॅडमच्या ध्यानात आलं, त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो काकू, बाहेर म्हणजे वरच्या कातडीवर!”

“मंग तसं सांगायचं की!”

मी पदर तोंडात कोंबला.

मॅडमनी चिठ्ठी बाजूला सारली आन आरसा आनला. मी बॅटरी धरली. बाईंनी वाकून बघितलं.

“साठ वरसं संगती ऱ्हाती, आन तोंड आज दावतीया,” बाई म्हनल्या.

मॅडमनी बोटाच्या पेरावर मलम घेऊन दावलं, किती आन कुठं. “रोज रात्री लावा. तीन महिन्यांनी तुकड्याचं बघू.”

तीन महिन्यांनी बाई आल्या त्या खुर्चीत टेकून नीट बसल्या. खाज गेलती. आक्रसलेलं तसंच व्हतं, ते मलमानं सुटत न्हाई. पर तुकडा काढाय लागला न्हाई.

“आता बंद करू?”

“नाही. आठवड्यातनं दोनदा लावायचंच. फौज झोपलीय, घरी गेली नाही.”

“म्हंजी पेन्शन न्हाईच तिला.”

तवापस्नं मॅडम ‘बाहेर’ म्हनत न्हाईत. सरळ जागंचं नाव घेत्यात, बोट ठेवून दावत्यात. पडद्यापल्याड बसलेले नवरे खाकरत्यात. खाकरू देत. खोकल्याचा डॉक्टर शेजारीच हाय.