बद्रीनाथचा ब्लोअर

वडीगोद्रीजवळ, हायवेपासून थोडं आत बद्रीनाथचं गाव. मोसंबीची बाग, थोडी कपाशी, एक ट्रॅक्टर, बायको द्वारकाबाई आणि जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला असलेली मुलगी साधना, एवढा त्याचा पसारा. माणूस सरळ, कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. खोड एकच. गावात जे कुणाकडं नाही, ते आपल्याकडं पाहिजे. त्यापायी त्यानं इमू पाळले, ते कुणी विकत घेतले नाहीत. मग ड्रॅगन फ्रूट लावलं, ते वानरांना फार आवडलं.

गेल्या दिवाळीनंतर तो गेटसाठी लोखंड बघायला जालन्याला गेला. तिथल्या कारखान्यांत वितळवायला परदेशातून जहाजानं भंगार येतं. त्या ढिगाऱ्यात त्याला एक लालभडक यंत्र दिसलं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, पुढं मळसूत्रासारखी रुंद पाती आणि वर हंसासारखी मान वळवलेलं नळकांडं.

"हे काय आहे?" बद्रीनाथनं विचारलं.

"ब्लोअर," भंगारवाला म्हणाला. त्यालाही तेवढंच वाचता आलं होतं.

मोसंबीवाल्याला ब्लोअर म्हटलं की फवारणी आठवते. गेट राहून गेलं. ब्लोअर घरी आला.

हायवेवरच्या गॅरेजातून लालमियाँ मिस्त्रीला बोलावलं. लालमियाँनं यंत्राभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि दाढी खाजवली. "भाऊ, ब्लोअर तर बराबर हाय. पन औषधाची टाकी कुठं हाय? नोझल न्हाई, पंप न्हाई. हे फवारनार काय?"

तेवढ्यात त्याला बाजूला चिकटवलेलं एक चित्र दिसलं. टोपी घातलेला माणूस ट्रॅक्टरवर मागं वळून बसलेला, जमिनीवर पांढऱ्याचे ढीग, आणि नळकांड्यातून तेच पांढरं उडतंय. दोघं ते चित्र बराच वेळ पाहत राहिले. जमिनीवर पांढऱ्याचा ढीग म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यात कुणाला विचारावं लागत नाही.

"कापूस!" दोघं एकदमच म्हणाले.

कापूस टेम्पोत भरायचं यंत्र! बद्रीनाथची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जमलं. अंगणात कापसाची गंजी, पलीकडं टेम्पो. बद्रीनाथ मान मागं वळवून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घेऊ लागला आणि पाती कापसात शिरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग नळकांड्यानं खोकल्यासारखा आवाज केला आणि कापूस उडाला. टेम्पो सोडून सगळीकडं पडला. बाभळीवर, पत्र्यांवर, म्हशींच्या पाठीवर, द्वारकाबाईच्या वाळवणावर, शेजारच्या पुंजारामच्या नव्या फेट्यावर. उरलेला पात्यांना असा गुंडाळला गेला की लालमियाँला तो सुरीनं कापून काढावा लागला.

"बद्रीनाथ," पुंजाराम फेटा झटकत म्हणाला, "वाती वळायचं मशीन आनलं का रे?"

रविवारी साधना घरी आली. तिनं ते चित्र पाहिलं आणि पदर तोंडात धरून हसायची वेळ आली तरी हसली नाही, कारण बापाचा चेहरा दिसत होता. "दादा, हे बर्फ काढायचं आहे. तिकडं थंडीत रस्त्यावर बर्फ साचतो ना, तो."

"आपल्याकडं न्हाई का कामाला येनार?" बद्रीनाथनं अगदी मनापासून विचारलं.

"त्यासाठी बर्फ लागतो, दादा."

द्वारकाबाईनं यंत्रावर गोधड्या वाळत घालायला सुरुवात केली, आणि त्या कामाला ते उत्तम निघालं.

फेब्रुवारी संपत आला. मोसंबी फुलली होती, बागेतून जाताना वासानं डोकं जड व्हायचं. पुंजारामच्या मुलीचं, तृप्तीचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर. दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळायला लागल्या. पत्र्यांचा आवाज इतका की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर लोक बाहेर आले तर गाव ओळखू येईना. सगळं पांढरं. आणि गावात येणारा रस्ता जिथं दोन बांधांमधून खोलगट जातो, तिथं गारा वाहत येऊन गुडघ्यापर्यंत साचलेल्या. पलीकडं वऱ्हाडाच्या गाड्या अडकल्या.

पुंजाराम मांडवातून तसाच धावत आला. दारात फेटा सारखा करत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "बद्रीनाथभाऊ, ते तुमचं... मशीन."

आजवर त्यानं बद्रीनाथला भाऊ म्हटलं नव्हतं.

गोधड्या खाली पडल्या. लालमियाँ लग्नाचं जेवायला आधीच गावात आला होता, तो चिखल तुडवत ट्रॅक्टरच्या मागं उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या! थोडं उजवीकडं! बस!" पाती बर्फात शिरली, आणि ज्या कामासाठी ती जगाच्या दुसऱ्या टोकाला घडवली गेली होती ते काम त्यांनी वडीगोद्रीजवळ केलं. गारांचा पांढरा फवारा कमानीसारखा उडाला आणि पुंजारामच्या गव्हात पडला. गहू आधीच झोपला होता. पोरं ओरडली, बँडवाल्यांनी आपसूक वाजवायला घेतलं. बद्रीनाथ मान मागं वळवून मागंमागं जात होता आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव त्याच्याकडं पाहून हसत नव्हतं. एवढी गारपीट व्हावी आणि एका शेतकऱ्याला एवढा आनंद व्हावा, याची त्याला आतून लाजही वाटत होती. पण आनंद थांबेना.

रस्ता मोकळा झाला. नवरदेव गाडीतून उतरून बद्रीनाथच्या पाया पडला. पुंजारामचा मेहुणा उन्हाकडं पाहत म्हणाला, "अजून घंटाभर थांबले असते तर आपोआप वितळलं असतं." त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. पण खरं होतं ते. मंगलाष्टकं संपेपर्यंत बांधाच्या कडेला नुसतं पाणी उरलं होतं.

लग्नात बद्रीनाथला पुढच्या पंगतीत बसवलं. त्याची मान आखडून उजवीकडंच राहिली होती, त्यामुळं डावीकडच्या पाहुण्यांना वाटलं, माणसाला लगेच गर्व चढला.

द्वारकाबाई पंगतीत दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला म्हणाली, "चला, बागंत."

"तू जाऊन आलीस?"

"कालच. तुम्ही रस्ता काढत व्हता तवा."

बागेची वाट चालताना तो कालच्याच गोष्टी सांगत होता. नवरदेव काय म्हणाला, लालमियाँ कसा ओरडत होता. उजव्या हाताची रांग बांधाच्या आडोशाला होती, तिथली काही झाडं बचावली होती. "एवढं काय न्हाई गेलं गं," तो म्हणाला.

द्वारकाबाईनं त्याला थांबवलं. त्याची मान वळत नव्हती, म्हणून तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला सबंध डावीकडं फिरवलं. झाडांवर पानं नव्हती. खाली चिखलात सगळा फुलोरा पडला होता, पांढराच.

ती त्याचे खांदे धरून तशीच उभी राहिली.