दत्तूभाऊंची पट्टी

शेलूबाजारला जीपची वाट पाहत उभा होतो, तेव्हा फोन आला. "गुरुजी, दत्तूभाऊ गेले." महिना होऊन गेला, पण अजून एका जागी बसवत नाही. पेटी उघडतो, बंद करतो... खरं सांगायचं तर त्या माणसाचा रागच येतो.

मेडशीच्या आमच्या भजनी मंडळात ते गायचे आणि मी पेटीवर असायचो. पट्टी कायम काळी चार, म्हणजे भल्याभल्यांचा गळा फाटेल इतकी उंच. त्यांच्या गुरूच्या काळी माइक नव्हते. देवळातला अभंग गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून जुने भजनी वर चढूनच गायचे. आता देवळावर भोंगा आला, तरी दत्तूभाऊ खाली उतरायला तयार नव्हते. सत्तरी उलटली, घसा बसू लागला, डॉक्टरांनी दम दिला. मी म्हणायचो, "भाऊ, पट्टी उतरवू." ते फणकारायचे, "काहून? मले म्हातारा ठरवून राह्यले का तुमी?"

जाण्याच्या थोडे दिवस आधी एका दुपारी ते घरी आले. "काळी एक धरा," म्हणाले. मी पाहतच राहिलो; इतक्या खालच्या पट्टीत ते कधी गायलेच नव्हते. ते गाऊ लागले आणि... काय सांगू! इतका मऊ, इतका भरलेला आवाज आयुष्यभर शेजारी बसूनही मी ऐकला नव्हता. कुठं लपवून ठेवला होता हा आवाज?

"भाऊ, हे लोकाईले कधी ऐकवनार?"

"येत्या एकादशीले. पन पट्टी तुमीच धरा. माह्याच्यानं सांगनं होनार नाई."

त्या एकादशीच्या आधीच ते गेले. तेरावं झाल्यावर मंडळ पुन्हा बसलं. रामभाऊंनी पखवाज नेहमीच्या सुरात लावून ठेवला होता. मी काळी एकवर बोट ठेवलं, तसे ते चमकले.

"गुरुजी, पट्टी चुकली."

"चुकली नाई. दत्तूभाऊनंच सांगतली."

"दत्तूभाऊ अन् काळी एक? मेलेल्या मानसाच्या नावानं कायले खोटं बोलता?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दुपारी ऐकणारा मी एकटाच होतो... मी बोट उचललं आणि काळी चार धरली. सगळे ताणून ताणून गायले. भजन संपल्यावर रामभाऊ डोळे पुसत म्हणाले, "आज दत्तूभाऊचा आत्मा शांत झाला."