बाद म्हणजे किती वेळ

एमबीबीएस झाल्यावर मी अलिबागेतल्या एका लहानशा क्लिनिकमध्ये खेळातल्या दुखापतींचं काम शिकायला लागले, तेव्हा सरांनी आधी माझी भाषा काढून घेतली. "लिगामेंट-बिगामेंट इथं चालायचं नाही," ते म्हणाले. "गुडघ्यातली दोरी तुटली म्हण. आणि समोर कबड्डीवाला असेल तर विश्रांती घे म्हणू नकोस, विश्रांती म्हातारे घेतात. त्याला सांग, तू बाद."

सर याच किनाऱ्यावरचे, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत. खेळाडूंशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, याचा त्यांना भारी अभिमान. मला तो जरा जास्तच वाटायचा, पण शिकाऊ माणसाच्या मताला कोण विचारतो, म्हणून मी गप्प बसायचे.

शिकवायचे मात्र मन लावून. घोट्याला पट्टी कशी बांधायची, निखळलेलं बोट कसं बसवायचं, डोक्याला मार बसलेल्याला काय विचारायचं. नाव-गाव विचारायचं नाही, ते माणूस अर्धवट शुद्धीतही सांगतो. विचारायचं, समोर कुठला संघ आहे? शेवटची चढाई कुणाची झाली? उत्तर चुकलं की त्याचा खेळ बंद, मग तो चालत असो की हसत असो.

थंडीत दर रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असायच्या आणि आम्ही पेटी घेऊन जायचो. त्या रविवारी रेवदंड्याच्या अलीकडच्या एका गावात होतो. एका संघाचा कोपरा सांभाळणारा मुलगा रेवदंड्याचा होता. बापाबरोबर होडीवर जायचा. आई सुकट वाळवून विकायची. एका कंपनीच्या संघाची माणसं खास त्याला बघायला आली होती आणि पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. निवड झाली असती तर कंपनीत नोकरी, होडी कायमची सुटली असती. त्याची आईही आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. "माझ्या पोराचं पाय बघून ठेव, बाय," ती मला सकाळीच म्हणाली होती. "आज त्यांच्यावरच हाय सगळं."

पायांना काहीच झालं नाही. दुपारी अंतिम सामन्यात चढाईला आलेल्याचा घोटा धरायला त्यानं सूर मारला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. चढाईवाला निसटून मधल्या रेघेपार गेला. हा उठला, अंगावरची माती झटकली आणि समोरच्या संघाच्या बाजूला चालू लागला. लोक हसले.

सर हसले नाहीत. त्याला रेघेबाहेर आणून त्यांनी विचारलं, "समोर कुठला संघ आहे रे?" त्यानं सकाळी हरवलेल्या संघाचं नाव सांगितलं. सरांनी त्याच्या कप्तानाला आणि पंचाला बोलावलं आणि स्वच्छ सांगितलं, "हा बाद."

कप्तान म्हणाला, "व्हय डॉक्टर, बादच हाय तो."

पंचानंही मान डोलावली. सरांना वाटलं, काम झालं. तेवढ्यात मांडवामागं कुणाचं तरी बोट निखळल्याची हाक आली आणि आम्ही दोघं तिकडे गेलो.

आता कबड्डीत बाद म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाद झालेला रेघेबाहेर ओळीत बसतो. आपल्या संघानं समोरचा एक गडी मारला, की ओळीतला पहिला उठून आत जातो. त्याला जिवंत होणं म्हणतात. चढाईवाला त्याला शिवून निसटला होता, म्हणजे खेळाच्या हिशेबानं तो बाद होताच. सरांचा बाद वेगळा होता, पण शब्द तोच होता. कप्तानानं त्याला ओळीत बसवला, समोरचा एक गडी मारला आणि रीतसर जिवंत करून आत घेतला.

मी बोटवाल्याचं मनगट धरून उभी होते. सरांनी मांडवाच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि बोट अर्धवट टाकून पळाले. सर पळतात हे मला तेव्हा कळलं. रेवदंड्याचा तो मुलगा चढाईला गेला होता. त्याचं कबड्डी कबड्डी जड येत होतं, तोंडात भाताचा घास असल्यासारखं. सर ओरडत होते, पण भोंग्यापुढे त्यांचा आवाज कुठे पोचणार? तिघांनी त्याला धरलं, जसं कुणालाही धरतात तसंच. तो पडला आणि उठला नाही.

पनवेलला नेईपर्यंत तो बोलायचा बंद झाला होता. डोक्यातली रक्ताची गाठ काढली, जीव वाचला. इस्पितळाच्या जिन्यात कप्तान सरांना म्हणाला, "तुम्हीच बाद म्हणालात ना? आम्ही एक मारला मग." त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि कुणाच्या मारावी ते कळत नव्हतं.

त्यानंतर मैदानावर सर कुणाला बाद म्हणाले नाहीत. डोक्याला मार लागला की ते त्या खेळाडूची जर्सी अंगातून काढून आमच्या पेटीत कोंबतात आणि पेटीवर स्वतः बसतात. मलाही तेच शिकवलं. पोरं मला आईबहिणीवरून शिव्या देतात, मी जर्सी सोडत नाही. वरातीमागून घोडं, दुसरं काय. सरांचा मला आजही राग येतो, आणि काम मी आजही त्यांच्याकडेच शिकते.

तो आता आठवड्यातून दोनदा रिक्षानं आईबरोबर येतो. उजवा हात लुळा, पाय ओढत चालतो, शब्द एकेक करून बाहेर येतात. त्याचे व्यायाम सर दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बरेच दिवस मला वाटायचं, तो निमूट सोसतोय. तसं नव्हतं. तो वाट बघत होता.

गेल्या आठवड्यात सर त्याचा हात खांद्यापर्यंत उचलत होते, तेव्हा तो म्हणाला, "सर. मी. बाद?"

सरांचा हात थांबला. ते म्हणाले, "हो. बाद."

त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यानं डाव्या हाताचं एक बोट वर केलं आणि आईकडे बघून हसला. एक गडी मारला की आलो आत, असं ते बोट म्हणत होतं.

सर त्याच्यासमोर खाली बसले. ते वर केलेलं बोट त्यांनी आपल्या वाकड्या बोटांत धरलं आणि हळूच खाली घेतलं. "नाही रे बाळा," ते म्हणाले. "एक मारला तरी नाही, दहा मारले तरी नाही. आता परत आत जायचं नाही."

तो आईकडे बघत राहिला. ती भिंतीशी बाकावर बसली होती. आवाज न चढवता ती सरांना म्हणाली, "यवढंच त्या दिवशी बोलायचं व्हतं, डॉक्टर."