रविवारचा ग्लास

नाना ईसीजीच्या टेबलावरून उठले, दोन पावलं चालले आणि पडद्याचा दांडा धरून खाली बसले. मी पटकन बीपी घेतलं. झोपल्यावर चांगलं, उभं राहिलं की एकदम खाली.

मी जळगावात हृदयाच्या एका दवाखान्यात ईसीजी काढते. कोर्स वगैरे नाही हो, करता करता शिकले. नाना पारोळ्याचे, घरी एकटे. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद झाल्यात, म्हणून त्यांना नायट्रेटची गोळी चालू. ती नळ्या सैल करते, छातीत दुखत नाही.

"नाना, बाहेरचं काही घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. बठ्ठं तुमचंच शे, सगळ्या गोळ्या तुमच्याच."

"म्हणजे चक्कर पण मीच दिली?"

डॉक्टरांनी परत ईसीजी सांगितला. छातीवर ईसीजीचे रबरी चेंडू लावताना माणूस छताकडे बघतो आणि खरं बोलतो, हा माझा अनुभव.

"अक्का, एक पावडर घेतो. पोरानं परदेशातून धाडली."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"बंद करतील ना. दर रविवारी तो व्हिडिओ कॉल करतो. म्हणतो, बाबा, ग्लास दाखवा. मी त्याच्यासमोर पितो. मग थोडं बोलतो."

"आधी नव्हता बोलत?"

"आधी काय बोलणार?"

मशीनमधून पट्टी येत राहिली. मी चेंडू काढले, जेल पुसलं. "नाना, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. एकटे घरात पडलात तर उचलणार कोण?"

नानांनी मग स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. डबा पिशवीतच होता. आर्जिनिन. हे एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा तुकडा. डाळीत, शेंगदाण्यातही असतं. शरीर त्यापासून एक वायू बनवतं, तो रक्ताच्या नळीला सांगतो, सैल हो. आजारी नळीचं आतलं अस्तर बिघडलेलं असतं, तिथे हे नीट होत नाही. म्हणून लोकांना वाटतं, पावडर खाल्ली की नळी उघडेल. डॉक्टर म्हणाले, तसा भरवसा नाही, आणि गोळीच्या जोडीला घेतली तर बीपी फार उतरू शकतं.

"आजपासून बंद."

"मग रविवारी दाखवू काय?"

डॉक्टरांनी पेन उचललं, परत ठेवलं. "पोराला खरं सांगा, नाना."

पुढच्या वेळी नाना दांडा न धरता चालत गेले. चक्कर नाही, बीपी छान. चेंडू लावताना मी हळूच विचारलं, "सांगितलं का पोराला?"

"ताक दाखवतो. बिनमिठाचं. फोनवर सारखंच दिसतं."

"आणि बोलतो?"

"बोलतो ना! परवा म्हणाला, बाबा, चेहरा सुधारला, पावडरीचा गुण शे. अजून एक डबा धाडतोय."

तेव्हापासून मी टेबलावर दोन प्रश्न विचारते. आणखी काय घेता, आणि ते कोण पाठवतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लवकर येतं. पिंप्राळ्याला माझ्या घरी लांबून कुणी असा डबा पाठवत नाही, म्हणून तो प्रश्न मला इतकी वर्षं सुचला नव्हता.