नवीन बर्फ सहा इंच, वारा वाढण्याची शक्यता

अमेरिकेत मी राहत होते त्या रेडमंडहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या त्या डोंगराचा एक फोन नंबर होता. रोज पहाटे तिथला कुणीतरी माणूस त्यावर बर्फाची हालहवाल बोलून ठेवायचा. रात्रीत नवीन किती पडला, खालचा जुना किती, भुसभुशीत आहे की कडक, कुठल्या लिफ्ट चालू, कुठल्या बंद. स्कीइंग शिकून मला दोन हिवाळे झाले होते आणि त्या फोनचं मला व्यसनच लागलं होतं. दात घासता घासता ऐकायचे. आणि खरं सांगायचं तर मला हवं तेवढंच ऐकायचे.

२००२च्या जानेवारीतल्या त्या गुरुवारी तो म्हणाला, नवीन बर्फ सहा इंच, हवा कोरडी, दुपारनंतर वारा वाढण्याची शक्यता. सहा इंच म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतंय!

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती, त्यातला शेवटचा आठवडा उरला होता. "आज सुट्टी घेतलीय, चल, तुला डोंगरावरचा बर्फ दाखवते," मी म्हटलं. सुट्टी कसली, डोंबलाची! तीन आठवड्यांपूर्वी कंपनीने आमची अख्खी टीम घरी पाठवली होती. व्हिसा कंपनीच्या जिवावर, ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीच्या जिवावर, दोन्ही एका सकाळीत गेलं. आईला मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला डायबेटिस, टेन्शन झेपायचं नाही, विमानात बसवून दिलं की मग बघू, असं मी ठरवलं होतं. ती सगळी बहाणेबाजी होती. मला लाज वाटत होती, एवढंच.

"खाल्लंस का?" निघताना मी विचारलं.

"तू अंघोळीला गेलीस तेव्हाच खाल्लं."

"आणि गोळी?"

"घेतली बाई, घेतली. किती विचारशील!"

डोंगरावर दोन-दोन माणसांच्या उघड्या पाळण्यांची, तारेवरून जाणारी एक लिफ्ट होती, तिच्यातून स्की न करणाऱ्यांनाही वरच्या कॅफेपर्यंत जाऊ द्यायचे. मीही त्या दिवशी स्की गाडीतच ठेवल्या. पंजाबी ड्रेसवर माझी स्नो पँट, वर माझं जॅकेट, कानटोपी, अशी आई पाळण्यात बसली आणि समोरचा आडवा बार मी खाली ओढला तेव्हा खुदकन हसली. "हे काय नवीनच," म्हणाली. खालून माणसं सरसर उतरत होती. नवा बर्फ वर छान दिसत होता, पण वळणावळणावर तो उडून खालचा जुना कडक थर उघडा पडायला लागला होता. वारा वाढतोय हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अर्ध्याच्या थोडं पुढे गेलो आणि लिफ्ट थांबली. पाळणा पुढे मागे झोके खायला लागला. तीन मजल्यांइतकी उंची असेल. वारा आता एका बाजूने सपासप येत होता आणि झाडांवरचा बर्फ तोंडावर मारत होता. खाली लाल जॅकेटमधला एक कर्मचारी स्की करत आला, हात हलवून ओरडला, वाऱ्यामुळे थांबवलंय, दहा-पंधरा मिनिटं, घाबरू नका, आणि पुढच्या पाळण्याकडे गेला.

पाच मिनिटं मी बडबड करत राहिले. आई उत्तरं देत होती, मग एकेका शब्दात द्यायला लागली, मग नाहीच. मी वळून बघितलं तर तिच्या कपाळावर घाम. एवढ्या थंडीत, त्या वाऱ्यात, टोपीखालून ओघळतोय घाम! हात थरथरत होते.

"आई, काय होतंय?"

"चक्कर आहे जरा. होईल बरं."

साखर कमी झाली की असंच होतं, हे मला माहीत होतं. पण गोळी घेऊन, खाऊन निघालेल्या बाईची साखर एवढी कशी उतरेल?

"आई, खरं सांग. काय खाल्लंस सकाळी?"

ती खाली झाडांकडे बघायला लागली.

"आई!"

"चहा घेतला. बिनसाखरेचा." मग जरा वेळाने, "संकष्टी आहे आज."

मी अक्षरशः किंचाळले. साखर उतरवायची गोळी घेतली आणि उपास? डॉक्टरने हजार वेळा बजावलंय! माझ्या अंगातल्या जॅकेटच्या आतल्या खिशात चॉकलेट असणार, मागच्या हिवाळ्यातलं का असेना. ग्लोव्ह दातांनी ओढून काढला, तो गेला खाली. चॉकलेट सापडलं, दगडासारखं झालेलं. कागद फाडून तिच्या तोंडाशी धरलं.

तिने तोंड फिरवलं.

"आज नाही. चंद्र बघितल्यावर."

"अगं, चंद्र कुठला घेऊन बसलीस! शुद्ध हरपली तर ह्या बारखालून सटकशील तू!"

"कशाला ओरडून राहिलीस? एकवीस बोललेय मी गणपतीला. ही एकोणिसावी आहे."

"कशासाठी? माझ्या लग्नासाठी ना? देव पण कंटाळला असेल!"

"लग्न तू करशील तेव्हा करशील. तुझ्या त्या कार्डासाठी."

बोलताना तिची जीभ जड होत होती. मान एकदा छातीवर कलली, तिने उचलली, पुन्हा कलली. तिचे हात बारवरून सुटले. मी डावा हात तिच्या पाठीमागून घालून जॅकेट मुठीत आवळलं आणि उजव्या हाताने चॉकलेट तिच्या ओठांवर दाबत राहिले. तिने दात घट्ट मिटले होते. इतका राग मला तिचा आयुष्यात आला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती. खाली हाका मारल्या, वाऱ्यात कोण ऐकणार. बार धरून राहिलेला एक माणूस पुढच्या पाळण्यातून मागे वळून बघत होता, बघण्यापलीकडे त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"आई, कार्ड नाहीये." मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "अर्जच संपला. नोकरी गेली माझी. ऐकतेयस का? तीन आठवडे झाले. तू कशासाठी उपास करतेयस, काही उरलंच नाहीये!"

तिला कळलं नसावं. मी पुन्हा ओरडले, "नोकरी गेली, आई!"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली, कुणाला तरी ओळखायचा प्रयत्न करावा तशी. मग तोंड उघडलं.

मी एकेक तुकडा दातांनी तोडून तिला भरवला. चावायचं त्राण नव्हतं, गालात धरून चोखत होती. दहा मिनिटं गेली असतील, की वीस, मला सांगता येणार नाही. माझा उघडा हात बधिर झाला होता. हळूहळू तिची थरथर कमी झाली. तिने स्वतःच्या हाताने टोपी सारखी केली आणि उरलेलं चॉकलेट माझ्याकडून काढून घेतलं, तेव्हा मी पहिला नीट श्वास घेतला.

एक धक्का बसून लिफ्ट सुरू झाली.

"तीन आठवडे म्हणालीस?" आईने विचारलं. आवाज तिचा होता आता.

"हो."

"मग मी रोज सकाळी डबा भरून देत होते, तो घेऊन कुठे जायचीस?"

"लायब्ररीच्या पार्किंगमध्ये. गाडीत बसायचे. संध्याकाळ झाली की यायचे."

"गावात रोज पडतो त्या पावसात?"

"हो."

"आणि डबा?"

"खायचे."

"माझ्याकडे बघून सांग."

मला बघता येईना. "नाही उतरायचा घशाखाली," मी म्हटलं. "फेकून द्यायचे."

हातातला शेवटचा तुकडा आईने माझ्या तोंडात कोंबला, गाल दाबून, लहानपणी औषध द्यायची तसा.

"तीन आठवडे स्वतः उपाशी राहून राहिली," ती म्हणाली, "आणि मला अक्कल शिकवते!"

मी चावत होते आणि रडत होते. तिने माझा गार पडलेला हात स्वतःच्या जॅकेटमध्ये ओढून घेतला आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही.